काकूंचा रडका दिवा

बंद पडलेली कुठलीही वस्तू हातात घेतली की काकू आधी तिचा वास घ्यायच्या. "जळकं न्हाई. जगंल," म्हणायच्या. आमच्या जिंतूरच्या गल्लीत लोक कुणाकडे काय शिजतंय त्याचा वास घेतात, ह्या रेडिओचा घ्यायच्या!

रेडिओदुरुस्तीचं दुकान त्यांच्या यजमानांचं. ते गेले, दुकान विकलं, पण तारांना डाग द्यायची सोल्डरगन काकूंनी ठेवून घेतली. दुपारी बाकीच्या बायका मालिका बघायच्या, ह्या मोडक्या खेळण्यांची पोटं फाडत बसायच्या. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, तर जपा बाबांनो. आमच्या काकू आता नाहीत. मिक्सर बंद पडला की मला त्यांची फार आठवण येते. हसू नका, खरंच येते.

समोरच्या घरातली सून जन्मापासून बहिरी. नवरा दिवसभर शेळ्या घेऊन रानात, अंगणात नुसती करडं. पहिलं बाळ झालं तेव्हा सासू चारठाण्याहून आली, आणि थोड्याच दिवसांत म्हणाली, "लेकरू रडून रडून निळं व्हायलंय, अन् ही चुलीपाशी. हिला पत्ताच न्हाई. मी त्याला गावी नेते." तिचंही चुकत नव्हतं. पण सुनेनं ते ओठांवरून ओळखलं आणि झोळीची दोरी धरून बसली. सोडेचना.

टाळी वाजवली की नाचणारी बाहुली काकूंनी बाजारातून आणली, तिच्या पोटातला आवाज ओळखणारा 'कान' काढला आणि त्याला जुन्या टॉर्चचा दिवा जोडला. कान झोळीजवळच्या खिडकीत, दिवा चुलीपाशी. बाळ रडलं की दिवा लागणार.

लागला की! करडू ओरडलं, लागला. शेजारी कुकरची शिट्टी झाली, लागला. सून बिचारी पळून पळून दमली, बाळ आपलं गाढ झोपेत. सासूनं कपाळाला हात लावला. "बास झालं, काकू. उद्याच्या गाडीनं निघते."

"मलाच अक्कल न्हाई," काकू म्हणाल्या. "कान लेकराजवळ पायजे, अन् जरा बहिरा पायजे." त्यांनी तो चिंधीच्या पिशवीत शिवून झोळीला बांधला आणि आतला बारीक स्क्रू पिळून त्याचं ऐकणं कमी केलं.

दुसऱ्या दिवशी सासूचं बोचकं दारात, बाळाची टोपडी त्यातच. मी तिला स्टँडवर सोडायला आलेलो. करडं ओरडली, दिवा गप्प. आम्ही सगळे त्या एवढ्याशा दिव्याकडे टक लावून. आणि लागला! सून पिठाच्या हातानं धावली, तिच्यामागे आम्ही.

बाळ रडत नव्हतं. पाय झाडत खदखदा हसत होतं. सुनेनं दिव्याकडे बोट केलं, मग बाळाच्या तोंडाकडे, आणि काकूंकडे पाहिलं. हसण्याला एवढा आवाज असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"व्हय गं," काकू मान डोलवत म्हणाल्या, "लय मोठ्यानं हसायलंय."

सासूनं बोचकं सोडलं, टोपडी काढून सुनेच्या हातात दिली. "चला भाऊ," मला म्हणाली, "मला एकटीलाच गाडीत बसवून द्या."

काकू "माझा भात लागला असंल" म्हणत घाईनं निघाल्या, आणि दारातच डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या.