तिच्या वाट्याचा तुकडा

रिसोडच्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. त्यातला माझा आवडता धडा आद्य ख्रिस्ती मंडळीचा. आधी घराघरांत जमणारी साधी माणसं, मग त्यांच्यावर वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी, वडिलांवर बिशप, हाताखाली सेवेला डीकन, आणि हळूहळू रोमच्या बिशपचा शब्द सगळ्यांहून जड होत तो पोप कसा झाला, हे मी फळ्यावर शिडी काढून सांगायचो. पोरं जांभया द्यायची, मी रंगात यायचो. कोण कुणाच्या वर, हे ठरलेलं असलं की मला बरं वाटतं. हा माझा जुना रोग आहे.

आमच्या मंडळीत मी डीकन. पत्र्याचं छोटं चर्च, मोजकी घरं. पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी अकोल्याहून येतात, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, देतात आणि पुढच्या गावाला निघतात. मग पेले धुवायचे, पांढऱ्या कापडाची घडी करायची आणि उरलेली भाकर खाऊन टाकायची, ही कामं माझी. भाकर शिळी ठेवायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सगळे गेल्यावर मंडळीतले सर्वांत म्हातारे वडील मागे थांबले. रिठदकडे त्यांची बागायत आहे, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात आणतात. त्यांची बायको खुब्याचं हाड मोडून महिनाभर खाटेवर होती.

ते म्हणाले, "मास्तर, बुढी सकायपासून वाट पाहून राह्यली. तिचा तुकडा तिच्यापर्यंत पोचंन का?"

पाळकसाहेबांची गाडी नुकतीच गेली होती. मला चेव आला. प्रभुभोजन म्हणजे प्रसादाचा पुडा नव्हे, असं मी त्यांना सुनावलं. बिशपला सोडून मंडळीत कुणी काही करू नये, हे आद्य मंडळीच्या काळच्या पत्रांतच लिहिलंय, असा दाखलाही दिला. पुढच्या महिन्यात साहेबांना मीच तुमच्या घरी आणतो, म्हणालो. आम्ही पोपला मानत नाही. त्या दिवशी मात्र तोच माझ्या अंगात आला होता.

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. "बरं, मास्तर," एवढंच म्हणून ते गेले. रिवाजाप्रमाणे उरलेले तुकडे मी खाल्ले. तिच्या वाट्याचाही खाल्ला.

पुढचा रविवार यायच्या आत ती गेली. मातीला मीही गेलो होतो. माझ्या वागण्यात काही चुकलं, असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. त्याची लाज आज जास्त वाटते.

मागच्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं केलं, तेव्हा माझ्या जुन्या नोट्स हाती आल्या. 'डीकनची कामे' या मथळ्याखाली माझ्याच अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं: जे आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा घरी पोचवणे. वर्षानुवर्षं मी हे पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. एखादा विसरला की मार्क कापायचो.

नोट्स पिशवीत घालून मी म्हाताऱ्यांच्या बागेत गेलो. ते वांगी तोडत होते. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "माह्या बापाच्या टायमाले डीकन सायकलवर घेऊन यायचा. मी तं तुमालेच 'चला' म्हणत होतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "तुमी शिकेल माणूस, मास्तर. मले वाटलं, आता कायदा बदलला असन. बुढीलेही मी तसंच सांगतलं."