मागच्या स्पीकरमधली कलावती

अधारतालच्या वस्तीत भुताचं नाव काढायची सोय नव्हती, कारण तिथे लहानूजी रामटेके राहत होते. कुणी दारात उतारा टाकला की लहानूजी त्यातलं लिंबू उचलायचे, घरी नेऊन चहात पिळायचे आणि वर विचारायचे, "बाबासाहेबांनी एवढं डोकं खपवलं ते काय लिंबासाठी?"

पाटबंधारे खात्याची जीप चालवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर जुनी अँबॅसडर घेतली आणि बरगी धरणावरच्या साहेबांची ने-आण धरली. गाडी मालकाइतकीच हट्टी. तिच्यातला स्टिरिओ चोराने उपटून नेलेला. डॅशबोर्डला नुसतं भोक, आणि मागच्या काचेखाली दोन स्पीकर मुके बसलेले. बायको गाडीत असली की गाण्याची गरजच काय, असं लहानूजी म्हणायचे. हे कौतुक की तक्रार, ते कलावतीबाईंनाही कधी कळलं नाही.

कलावतीबाई विहारात वंदना सांगायच्या. त्या एक ओळ म्हणत आणि थांबत, बाया ती मागून म्हणत, मग पुढची ओळ. मुलगी इंदू भोपाळला नोकरीला. हिंदीत वाढलेली, वंदनेला नुसते ओठ हलवणारी. तिच्यासाठी बाईंनी एक कॅसेट भरली. भीमगीतांची जुनी कॅसेट घेतली, तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून पाठीवरच्या खाचा चिकटपट्टीने बुजवल्या, इंदूचाच हातात मावणारा टेप घेतला आणि दार लावून एकटीने वंदना म्हटली. ओळ, मग ओळीएवढी रिकामी जागा, पुन्हा ओळ. रिकामी जागा इंदूसाठी.

कॅसेट इंदूकडे जायची राहिली आणि कलावतीबाई गेल्या. इस्पितळात. लहानूजी औषध आणायला खाली उतरले होते, तेवढ्यात. इंदू दुसऱ्या दिवशी पोचली आणि तिने एकच विचारलं, "बाबा, मम्मी मेरे लिए कुछ बोली क्या?" पुढे दर फोनवर तेच. लहानूजी दर वेळी सांगायचे, "नाही बेटा, मले तर काही नाही बोलली." ते खरंच होतं. पण त्या खऱ्याने पोरीच्या पदरात काही पडत नव्हतं आणि याचं लहानूजींना फार वाईट वाटे. काहीही देऊन तेवढं एक वाक्य मिळालं असतं तर त्यांनी ते आणलं असतं.

मग त्यांनी तो टेप गाडीत आणला. रेडिओ दुरुस्त करणारा हेमचंद्र म्हणाला, "रामटेकेजी, बीच में अ‍ॅम्प्लिफायर लागते. स्टिरिओ नाही, काही नाही, एवढ्याशा टेपवर एवढे मोठे स्पीकर कसे वाजतील?"

"ती तरी कुठं ओरडून बोलत होती? तू वायर दे."

जुन्या इअरफोनची वायर कापून त्यांनी ती सीटखालून स्पीकरला जोडली आणि पिन टेपच्या भोकात खोचली. आवाज आला, पण भिंतीपलीकडून यावा तसा. गाडी चालू असली की काचा वर करून, मान मागे टाकून ऐकावा लागे. बरगीला साहेबांना सोडून परतताना गाडी रिकामी असायची. मग कलावतीबाई मागून एक ओळ म्हणायच्या आणि पुढे बसलेले लहानूजी रिकाम्या जागेत तीच ओळ म्हणायचे.

शेजारच्या पार्वताबाई एकदा उभ्या गाडीजवळून जाताना थबकल्या. काचा बंद, आत कुणी नाही, आणि कलावती बोलतेय. त्या पदर तोंडाला लावून आल्या. "रामटेकेजी, ते गाडीत बसून राहिली ना!"

"काहून घाबरता बाई? टेप बंद करायचा राहिला. हे पाहा वायर." लहानूजींनी वायर दाखवली, स्पीकर दाखवले, शास्त्र समजावलं. पार्वताबाईंनी सगळं ऐकलं आणि पुन्हा त्या गाडीत पाय ठेवला नाही.

गंमत अशी, की मागच्या सीटवर पिशवी ठेवायचं लहानूजींनी स्वतःच बंद केलं होतं. पिशवी पुढे घेताना ते स्वतःवरच चिडायचे. पण घ्यायचे पुढेच.

वर्षश्राद्ध ते मानत नव्हते. पण वर्ष भरलं तेव्हा पुण्यानुमोदनाला इंदू येणार होती. ती यायच्या आदल्या दिवशी बरगीला टेपचे सेल संपले. लहानूजींनी नवे घातले, कॅसेट पहिल्यापासून लावली, पिन खोचली, अंगठ्याने बटणं दाबली आणि निघाले. दुपार होती. गाडीत काचा लावल्यामुळे उकडत होतं, तरी मानेला गार लागत होतं. कलावतीबाईंचा आवाज त्या दिवशी भलता स्पष्ट आला, सीटला टेकून बोलावं इतका जवळून. लहानूजी ओळीमागून ओळ म्हणत होते. तिलवाऱ्याच्या पुलावर उसाचा एक ट्रॅक्टर आडवा आला. हॉर्न मारत त्याला चुकवताना आपण मागून काय म्हणतोय इकडे त्यांचं ध्यान नव्हतं. तोंड आपलं चालू होतं. घरी आले तेव्हा जीव हलका झाला होता.

दुसऱ्या दिवशी इंदू म्हणाली, "बाबा, ती कॅसेट लावा ना. आता मी शिकते."

टेप घरात आणला. कॅसेट मागे फिरवली, बटण दाबलं. आधी इंजिनाची घरघर. मग लहानूजींचा आवाज, वंदनेची पहिली ओळ. पुन्हा घरघर. पुन्हा लहानूजी.

"ये क्या है? मम्मी कहाँ है?"

लहानूजींनी टेप हातात घेतला. दोन भोकं होती, एक ऐकायचं, एक माइकचं. वायर माइकच्या भोकात गेली होती आणि अंगठ्याखाली आवाज भरायचं लाल बटणही दबलं होतं. स्पीकर बोलतो तसा ऐकतोही, हे हेमचंद्रनेच कधीतरी सांगितलेलं. सगळा रस्ताभर स्पीकरने नुसतं ऐकलं आणि कलावतीबाईंच्या आवाजावर गाडीची घरघर भरली. इंदू रडायला लागली.

"पण मी तिला ऐकलं ना," ते म्हणाले. "कालच. हरेक ओळ."

"स्पीकर बंद होते, बाबा."

"मग मी मागून कोणाच्या म्हणत होतो?"

टेप चालूच होता. घरघर, लहानूजी, घरघर, लहानूजी. प्रत्येक घरघर बरोबर एका ओळीएवढी. सवय, लहानूजींनी स्वतःला बजावलं. वर्षभर ऐकलेलं डोक्यात बसतं, दुसरं काही नाही. मग टेपमध्ये हॉर्न वाजला. आता आली ती घरघर लांबली, एखाद्याने नीट समजावून काही सांगावं एवढी. आणि मग लहानूजींचाच आवाज, साधा, घरातला:

"हो. सांगतो मी इंदूले."

इंदूने डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला. "काय सांगायचं होतं बाबा? क्या बोली वो?"

लहानूजींनी कॅसेट मागे फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली. पूल आठवला, ट्रॅक्टर आठवला, त्यातून लोंबणारा ऊस आठवला, मानेला लागलेला गारवासुद्धा आठवला. ती काय म्हणाली ते तेवढं आठवलं नाही.