दवाखान्यामागची खोपी

मी धडगावला मास्तर म्हणून गेलो ते साल अठ्ठावन्न. त्याच उन्हाळ्यात सरकारी दवाखान्याच्या मागे कुडाची एक लांबट खोपी उभी राहत होती. ती उभी करणारी बाई पन्नाशीची होती आणि डोक्यावर बांबूंचा भारा घेऊन एकटीच ये-जा करायची. गजराबाई तिचं नाव. वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची.

दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणात अडली. चौघांनी बांबूला झोळी बांधून तिला खाली आणायला घेतलं. दवाखान्याचे पत्रे दिसू लागतात त्या वळणावर मुलगी गेली आणि झोळी तिथूनच मागं फिरली. तेव्हापासून गजराबाईचं एकच म्हणणं होतं, दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच खाली येऊन राहावं. पण राहायचं कुठं? दवाखान्यात दोनच खाटा, आणि धडगावात ओळखीचं दार नाही.

म्हणून ती पाड्यापाड्यांवर फिरली. पैसा कुणापाशीच नव्हता. कुणी बांबू दिले, कुणी छपराला गवत, एकानं सागाचे खांब स्वतः आणून रोवून दिले. पीक निघालं की घरटी पायलीभर ज्वारी नाहीतर मका द्यायचं अकरा पाड्यांनी कबूल केलं. खोपीत येणारी बाई आणि तिच्यासोबतची आई किंवा सासू त्यावर जेवायच्या. पाणी आणि सरपण गजराबाई बघायची. दिवाळीपर्यंत सात जणी तिथं राहून, बाळ घेऊन सुखरूप वर गेल्या.

थंडीत बाळंतपणात अडलेल्या कोकिळाला आणलं. तिच्या नवऱ्याचं नाव करणसिंग. घरच्यांनी चार दिवस चैत्या पुजाऱ्याचे उपाय करून पाहिले होते आणि रक्त थांबेना तेव्हा झोळी उचलली होती. दवाखान्यात न जाता त्यांनी ती सरळ खोपीत आणून ठेवली. गजराबाई धावत नर्सला, मंगलाबाईंना, घेऊन आली तोवर कोकिळा गेलेली होती. करणसिंग रडला नाही. तो खोपीचे खांब, कूड, छप्पर बघत उभा राहिला. मग गजराबाईकडं बघितलं. बराच वेळ.

पंधरा दिवसांत बोलवा सुरू झाली. चैत्यानं दाणे टाकून कौल पाहिला म्हणे. त्याचे शब्द बाजारातून माझ्यापर्यंत आले. "तिची लेक गेली. आता ती दुसऱ्यांच्या लेकी मागते आहे."

डाकण हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला नाही. त्याची गरजही नव्हती. एखादीवर ते नाव बसलं की तिला पाड्यात जागा राहत नाही, आणि कुणाकुणाचा जीवही गेलेला सगळ्यांना माहीत होता. धान्य यायचं बंद झालं. बाजारला आलेल्या बाया गजराबाई दिसली की लेकराच्या तोंडावर पदर ओढू लागल्या. एका सकाळी खोपीच्या एका बाजूचं छप्पर उचकटून नेलेलं होतं. कुणी नेलं ते कुणीच पाहिलं नव्हतं.

मंगलाबाई नंदुरबारकडच्या. त्या तिला म्हणाल्या, "गजरा, तू काही दिन शहादाले चालनी जाय. मन्ही बहीण शे तठे."

"मी गेले तर ते म्हणतात ते खरं होईल, बाई," गजराबाई म्हणाली आणि उरलेलं गवत सारखं करायला लागली.

होळी जवळ आली. डोंगरात ढोल घुमू लागले, काठी गावच्या होळीला जायची तयारी घरोघर चालली होती. शेवटच्या बाजारात करणसिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मी तिथंच मीठ घेत होतो.

"होळी होऊ दे," तो हळू आवाजात म्हणाला. "मग पंच बसतील."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, एक बाई एकटीच घाट उतरून खोपीत आली. आठवा सरून नववा लागलेला, पाय खांबासारखे सुजलेले, डोळ्यांपुढं अंधारी. ती गुलाबबाई, करणसिंगच्या धाकट्या भावाची बायको. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला होता.

गजराबाईनं तिला पाणी दिलं. "घरी सांगून आलीस?"

"नाही."

"इथं येताना भीती नाही वाटली?"

"कोकिळाला चार दिवस कुणी उचलू दिलं नाही," गुलाबबाई म्हणाली. "मी तिथंच होते."

मंगलाबाईंनी तिला तपासलं आणि गजराबाईला बाहेर बोलावलं. "तिना पाय पाह्यात ना? हाई लक्षण चांगलं नही. झटके येतीन. तिले घर जाऊ दिऊ नको."

पुढं गजराबाईनंच मला सांगितलं, की त्या वेळी तिच्या मनात दुसराच विचार आला होता. ही पोरगी परत गेली आणि घरी मेली, तर दोष कुणावर येणार नाही. ती खोपीत मेली, तर आपण होळीनंतर जगत नाही. तिला पाठवून देणं एका शब्दाचं काम होतं. ती चुलीपाशी बसून राहिली आणि मग उठून गुलाबबाईसाठी गोधडी अंथरली.

संध्याकाळी करणसिंग दोन माणसं आणि झोळी घेऊन आला. कमरेला धारदार विळा.

"तिला बाहेर पाठव."

"तिला चालवत नाही," गजराबाई दारात उभी राहून म्हणाली.

"झोळी आणली आहे."

आतून गुलाबबाई बोलली, "मी येत नाही, दादा."

करणसिंग दारापासून मागं सरला. मग समोरच्या मोहाच्या झाडाखाली झोळी टाकून तिघं बसले. ते ओरडले नाहीत, धमकावलं नाही. दोन दिवस तिथून हलले नाहीत, एवढंच. मी शाळेत जाता-येता बघायचो. मीही काही बोललो नाही, हे इथं लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुलाबबाईला झटके आले. तिला दवाखान्याच्या खोलीत नेऊन खिडकी झाकली, सुया दिल्या. दुपारी ती बाळंत झाली. मुलगा होता, रडलाच नाही. गुलाबबाईला मात्र दिवस कलता कलता शुद्ध आली.

"मी जाईसन सांगस," मंगलाबाई म्हणाल्या.

"नको. मीच जाते." गजराबाईनं मेलेलं पोर आपल्या पदरात गुंडाळलं आणि एकटी मोहाच्या झाडापाशी गेली. तिघं उठून उभे राहिले. करणसिंगचा हात विळ्यावर होता.

"पोर गेलं," ती म्हणाली. "आई जिवंत आहे. येऊन बघ."

तो आला. गुलाबबाईनं त्याच्याकडं पाणी मागितलं. त्यानं तांब्या तिच्या तोंडाला लावला, बाहेर आला, पोर घेतलं आणि झोळीत ठेवून घाट चढू लागला.

होळीनंतर पंच बसले. गुलाबबाई अशक्तच होती, तरी तिनं कोकिळाचे चार दिवस उभ्यानं सांगितले. पंचांनी गजराबाईला डाकण ठरवलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. तिनं पाड्यावर पाय ठेवू नये, एवढं ठरलं. तिचं घर आणि शेताचा तुकडा चुलतदिरांकडं गेला. अकरांपैकी सहा पाड्यांनी पुढच्या सुगीला धान्य पाठवलं. बाकीच्यांनी कधीच पाठवलं नाही, पण त्यांच्या बाया मात्र हळूहळू येऊ लागल्या. गजराबाईनं त्यांनाही जेवू घातलं.

सहासष्ट साली माझी बदली झाली तेव्हा खोपीत चार जणी होत्या. त्या दिवशी बाजार होता. करणसिंग रस्त्याच्या पलीकडं उभा राहून खोपीकडं बघत होता, दर बाजारला बघायचा तसाच. गजराबाईनं त्याला पाहिलं. तिनं चौघींना आत जायला सांगितलं आणि स्वतः दारात ज्वारी पाखडत बसली.