घरी कोण वाट पाहून राहिलं?

यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, कोणी नवा माणूस भेटला की ती नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही. एकच विचारायची, "तुह्या घरी कोण वाट पाहून राहिलं?" विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाला विचारलं. कल्हईवाल्याला विचारलं. लग्न होऊन घरी आली त्या दिवशी मलाच विचारलं, "आतापर्यंत तुमची वाट कोण पाहत होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. माय लहानपणीच गेली." ती म्हणाली, "मंग आता सातले घरी येत जा." आणि मी येत गेलो. बाकीचे दुकानदार उशिरापर्यंत बसायचे, मी सातला शटर पाडायचो. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. देऊ द्या.

माझं सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत कूलरचं दुकान. पत्रा कापायचा, मोटार बांधायची, खस भरायची. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. घर हनुमाननगरात, वर एक खोली. खोली बांधताना यमुनेनं गवंड्याला भिंतीत एक कोनाडा ठेवायला लावला, गुडघ्याच्या वर थोडासा. मी म्हटलं, "अवं, एवढ्या खाली कोनाडा कायले?" म्हणे, "लेकराचा हात पुरला पाहिजे ना." लेकरू काही झालं नाही. कोनाडा राहिला.

त्या खोलीत दिवाकर भाड्यानं आला. मुंबईची चांगली नोकरी सोडून आलेला इंजिनिअर. नागपुरात कम्प्युटरची कंपनी काढतो म्हणाला. तेव्हा राजीव गांधींचं राज्य होतं आणि कम्प्युटर हा शब्द पेपरात यायचा, घरात यायचा नाही. आमच्या घरात आला. दिवाकरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, कूलर लावायचा नाही. ओल्या हवेनं मशीन खराब होते." कूलरवाल्याच्या घरात भर मे महिन्यात कूलर बंद! त्याच्या त्या काळ्या पातळ तबकड्या, फ्लॉपी म्हणतात त्यांना, यमुनेनं त्या कोनाड्यात ठेवायला लावल्या. वर रुमाल झाकला.

मशीन आलं, पण ते चालवणारी माणसं मिळेनात. दिवाकर दवाखान्याच्या बिलांचा प्रोग्राम करून देणार होता. त्याला प्रोग्राम लिहिणारी पोरं पाहिजे होती आणि बरोबरीनं धंद्यात उतरणारा एक भागीदार. पुण्याचा एक दोस्त भागीदार व्हायला आला. जिना चढला, खोलीतला उकाडा पाहिला, सावजीचं मटण खाल्लं, घाम पुसला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेला. मग पेपरात जाहिरात दिली. पोट्टे यायला लागले. पण जिना दारापुढच्या ओट्यावरून जातो आणि ओट्यावर यमुना.

"कम्प्युटरची कंपनी हेच का हो, काकू?"

"हेच. तुह्या घरी कोण वाट पाहून राहिलं गा?"

एक जण म्हणाला, "अमेरिका वाट पाहून राहिली." तिनं त्याला जिन्याची वाटच दाखवली नाही. एक जण "माय आहे एकटी" म्हणता म्हणता रडला. त्याला तिनं जेवू घातलं आणि हाताला धरून वर नेलं, "हा घे, दिवाकर." तो सगळं काम शिकला आणि दिवाळीत मुंबईला पळाला. दिवाकर चिडला. "काकू, मले प्रोग्रामर पाहिजे, जावई नाही!"

"दोघायतही पाह्यचं तेच असते, बाप्पा. गेला तं गेला. मायले पैसे तं पाठवीन."

मग सुलभा आली. उमरेडची पोरगी, बाप हातमागावर विणणारा. नागपुरात पॉलिटेक्निक शिकलेली. रोज एस.टी.नं यायची, एस.टी.नं जायची. बोलायची कमी. यमुनेच्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं होतं, "बस वाट पाहत नाही काकू, म्हणून मी पाचले निघीन." यमुना हसत सुटली. दिवाकर म्हणायचा, असं डोकं मुंबईतही पाहिलं नाही. दवाखान्याचा अर्धा प्रोग्राम तिनंच केला.

आणि एक दिवस ती यायची बंद झाली. मैत्रिणीकडून निरोप आला, घरी स्थळं पाहून राहिले, आता येणार नाही. दिवाकरला तो प्रोग्राम पुढं नेता येईना. बिलाची बेरीज कधी बरोबर यायची, कधी चुकायची. दवाखानेवाले तगादा लावून होते. दिवाकर आठवडाभर डोकं धरून बसला आणि मग खाली येऊन म्हणाला, "काकू, खोली सोडतो. मुंबईचे लोक परत बोलावून राहिले."

यमुना तांदूळ धूत होती. हात पुसले नाहीत तिनं. "खोली मंग सोडजो. रविवारी उमरेडले जाऊ."

रविवारी आम्ही तिघं बसनं निघालो. यमुनेनं पिशवीत संत्री, पेढे, नारळ आणि खण घेतला. दिवाकर म्हणाला, "काकू, आपण नोकरीचं बोलाले जाऊन राहिलो." ती म्हणाली, "कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जाते का कोणी?" त्यानंही बिचाऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आता पुढचं काय झालं असेल ते कोणीही ओळखेल, मलाच ओळखता आलं नाही. सुलभाचे वडील दारातच उभे होते. "या, या! बसमंदी जागा भेटली ना?" पाय धुवायला पाणी आलं. सतरंजी अंथरलेली. पोहे आले, वर चिवडा. मी म्हटलं, उमरेडची माणसं फार चांगली. खाल्ले. सुलभाच्या आईनं दिवाकरला न्याहाळून विचारलं, "किती भाऊ तुम्ही?" दिवाकर म्हणाला, "दोन." तिला ते आवडलेलं दिसलं. यमुनेनं मला चिमटा काढला तरी मला समजलं नाही.

मग सुलभा साडी नेसून, मान खाली घालून चहाचा ट्रे घेऊन आली. मान वर केली. "सर?"

कप वाजले. बाप म्हणाला, "तू वळखते यायले?" मग आमच्याकडे वळून, "तुम्ही भिवापूरचे पाहुणे ना?"

मी म्हटलं, "आम्ही नागपूरचे. कूलरवाले."

बापाचा चेहरा लाल झाला. "पोरीचा बाप आहे म्हणून थट्टा कराले आले काय? नारळ घेऊन आले, पोहे खाल्ले, अन् आता सांगता?"

मी उठलोच होतो. यमुना उठली नाही.

"थट्टा नाही, दादा. मी पोरगी मागालेच आली. सून म्हणून नाही. हा दिवाकर आहे, याच्या धंद्यात बरोबरीची भागीदार म्हणून. नोकर नाही, मालकीण. कागदावर तिचं नाव राहीन."

दिवाकरनं चमचा खाली ठेवला. तो तर नोकरीचंच बोलायला आला होता, पगार थोडा वाढवून. ज्या भागीदारासाठी त्यानं मुंबई-पुणं पालथं घातलं, ती जागा हिनं त्याला न विचारता सुलभाला देऊन टाकली. त्यानं यमुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा नाही म्हणतो.

तेवढ्यात सुलभा बोलली. हातात ट्रे तसाच. "सर, ते बेरीज चुकते ना, ते काहून चुकते मले समजलं. पेशंट एकाच दिवशी भरती अन् सुट्टी झाला की चुकते. घरी बसल्या बसल्या समजलं."

आई म्हणाली, "पाहा, असंच करते. पोळ्या लाटता लाटता पिठावर बोटानं काय काय लिहिते, अन् पोळी जळते."

दिवाकर हसला. आठवडाभरात पहिल्यांदा. बापाला म्हणाला, "काकू बोलली ते माह्यंच बोलणं समजा. बरोबरीची."

बाप जरा निवला, पण बापच तो. "अन् राहीन कुठं? जवान पोरगी. रोज बसनं येणं-जाणं, उशीर झाला तं? लोक काय म्हणतीन?"

"माह्या घरी राहीन," यमुना म्हणाली. "तिची वाट मी पाहीन."

सुलभाच्या आईनं तिला विचारलं, "तुम्हाले लेकरं किती?"

"एकही नाही."

ती बाई आत गेली. हळदकुंकू घेऊन आली आणि आम्ही आणलेल्याच नारळानं तिनं यमुनेची ओटी भरली. यमुना सुलभाची भरायला गेली होती, आणि भरली गेली तिचीच. मी आढ्याकडे पाहत बसलो. बाप मला हळूच म्हणाला, "भाऊ, आता भिवापूरच्यायले काय सांगू?" मी म्हटलं, "पोहे शिल्लक ठेवा म्हणजे झालं."

लोक विचारतात, मग दिवाकरचं आणि सुलभाचं लग्न झालं काय? नाही झालं. तिचं लग्न पुढं दुसऱ्या चांगल्या मुलाशी झालं, आमच्याच दारातून झालं, आणि दिवाकर आग्रह करकरून वाढत होता. कंपनी मात्र दोघांची राहिली. आज विमानतळाजवळ, मिहानच्या नव्या वसाहतीत तिची काचेची इमारत आहे. मी दोनदा गेलो. थंडी वाजते.

लग्नापर्यंत सुलभा आमच्याकडे राहिली. काम करायची वरच्या खोलीत, राहायची खाली. तरी यमुना संध्याकाळी ओट्यावर बसायची. आधी मी यायचो, मग सुलभा जिना उतरायची, तेव्हा कुठं ही उठायची. मी म्हणायचो, "अवं, वरतंच तं आहे ती. आवाज येऊन राहिला तिचा."

"वर असो का विलायतेत असो. वाट पाह्यची म्हणजे पाह्यची."

बडबडी होती. हट्टी होती. भाजीत तिखट जास्त टाकायची आणि नाही म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात गेली. दवाखान्यात नर्सलाही तिनं तोच प्रश्न विचारला. नर्स म्हणाली, "मुलगा आहे, दोन वर्षांचा." तर ही म्हणते, "मंग तू जा घरी, माह्यं मी पाहून घेईन."

तेरवी झाली आणि मी दुकानात जायला लागलो. सात वाजले तरी शटर पाडलं नाही. कोणासाठी पाडायचं? आजूबाजूची दुकानं बंद झाली तरी मी जुनी मोटार उघडून बसायचो. काम काही नव्हतं. असं बरेच दिवस चाललं.

एक दिवस असाच उशिरा घरी आलो तर ओट्यावर कोणीतरी बसलेलं. जवळ गेलो तर सुलभा. केस पांढरे झालेत आता तिचेही. गाडी कोपऱ्यावर उभी, ड्रायव्हर झोपलेला, आणि ही पायरीवर, यमुना बसायची तिथंच.

मी ओरडलो. "काहून बसली वं इथं? तुले कामधाम नाही?"

ती म्हणाली, "तुमची वाट पाहून राहिली."

"मूर्ख आहेस. तुह्या घरी माणसं आहेत. जा."

"त्यायले सांगून आली. उद्या पण येईन."

ती खरंच आली. परवाही आली. एवढ्या मोठ्या कंपनीची मालकीण माझ्यासाठी पायरीवर डास मारत बसते, हे काही बरं दिसत नाही. मी आता सातला शटर पाडतो.