आईसाठी बदललेला पंप

बाबा गेल्यावर आईनं नाशिकला एकटीनं राहायचं, हे मला मुळीच पटत नव्हतं. व्हिजिट व्हिसावर का होईना, मी तिला बहरीनला आणलं आणि मनाशी ठरवून टाकलं, आता हिला परत पाठवायची नाही. आईला हे माहीत होतं. ती हसून विषय बदलायची.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि अदलिया भागातली आमची बिल्डिंग रिकामी व्हायला लागली. बरेचसे भाडेकरू आपल्याकडचेच. गावाला निघताना गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, फ्रिज रिकामा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथे त्यात एसीच्या गार पाण्याचा व्हॉल्व्हही येतो. जो तो जाताना तो पक्का आवळून गेला, आणि आमच्या छतात शिट्टी सुरू झाली. बारीक, चिवट, कुकर बिघडल्यासारखी.

आईची खोली नेमकी छतातल्या त्या गार पाण्याच्या पाइपाखाली. दोन दिवसांत तिनं सांगितलं, "मला इथे झोप लागत नाही गं. दुपारी जरा डोळा लागला की ते सुरू. मला आपलं नाशिकला पोचव."

"एवढंच ना? तो आवाज बंद केला तर राहशील?"

"बघू," ती म्हणाली. मी त्या 'बघू'चा 'हो' करून टाकला.

आता हा तर माझा धंदाच. मी एसीच्याच कंपनीत इंजिनिअर आहे. गच्चीवरचा पंप गार पाणी घरोघरी ढकलतो. निम्मी घरं बंद झाली, तरी आमचा जुना पंप आपला तेवढ्याच जोरानं ढकलत होता. मग उरलेल्या घरांच्या अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून ते पाणी घुसताना किंचाळणारच! अशा वेळी जास्तीचं पाणी मधल्यामध्ये परत फिरवायला एक बायपास व्हॉल्व्ह असतो. मी वर जाऊन पाहिला, तर तो गंजून जाम.

बिल्डिंगच्या मॅनेजरला गाठलं. "इंशाल्ला, मॅडम." दुसऱ्या दिवशी परत, "इंशाल्ला." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "इंशाल्ला नको, मालकाचा नंबर द्या." मालकाला बसून समजावलं की पाण्याचा दाब ओळखून वेग कमी-जास्त करणारा पंप लावा, विजेचीही बचत होईल, आणि बायपासही बदला, म्हणजे सगळी घरं बंद असली तरी थोडं पाणी फिरतं राहील. नवरा म्हणाला, "स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढी धावपळ केली नव्हतीस." नव्हतीच केली. लग्न काय, होणारच होतं.

पंप बसला त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जेवणं झाली. लेक आतल्या खोलीत गेम खेळत होता. घरात इतकी शांतता की एसीतून हवा यायची तेवढी ऐकू येत होती. मला अगदी मूठभर मांस चढलं. आईला म्हटलं, "झोप आता बिनधास्त."

ती पलंगावर नुसतीच बसून राहिली.

"गेला ना आवाज?"

"गेला की. किती केलंस गं तू!" मग चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाली, "तिकीट काढशील ना माझं?"

"अगं, आता काय झालं? आवाज तर बंद झाला!"

"आवाजाचं निमित्त होतं. दुसरं काय सांगणार होते तुला? तुम्ही काही कमी करत नाही, म्हणून तर तोंडातून शब्द निघेना. पण इथे दारावरची बेल वाजते ना, ती एकदाही माझ्यासाठी नसते. तिथे दूधवाला येतो, समोरची येते, भिशीतल्या बायका येतात. कुणीतरी मला हाक मारतं."

"आणि तिथे रात्री काही झालं तर?"

"झालं तर होईल. पण तोवर मी माझ्या घरात असेन."

मला रागही आला आणि रडूही. वाटलं, तिला धरून ओरडावं, माझ्या जिवाला किती घोर लागतो ते तुला कळतं का? पण ती माझ्याकडे इतकी अजिजीनं बघत होती, जणू मी तिची आई. मी फोन उघडला आणि तिकिटं बघायला लागले.

"खिडकीजवळची सीट घेऊ का?" एवढंच मला विचारता आलं.

"कुठलीही चालेल," ती म्हणाली. "लवकरची बघ."