धूर लागलेली बासुंदी

जावयाने स्वतः बनवलेली काळीभोर बिअर पुढे ठेवली. व्हिस्कीच्या लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली म्हणे. "बाबा, घाई नको. आधी वास घ्या."

मी जाणकारासारखे डोळे मिटले. कॉफी, चॉकलेट असं काहीतरी सांगायचं मनात होतं; पण पहिल्याच घोटाला आमच्या आईची बासुंदी आठवली. चुलीवर आटवताना तिच्या दुधाला हमखास धूर लागायचा. "आई, दूध आटवलंस की लाकडं?" म्हणत मी वाटी बाजूला सरकवायचो. आई ती वाटी स्वतः संपवायची.

"जमलीय का, बाबा?"

"धूर लागलाय," मी म्हणालो आणि ग्लास रिकामा करून पुढे केला. "अजून वाढ."

जावई हसला. "बिअर कुणी वाढतं का?" पण 'अजून वाढ' हे वाक्य आईला म्हणायचं राहून गेलं होतं.