पूर्ण एक मिनिट

सकाळचा चहा गाळून झाला की मावशी आईचं मनगट मागायची. आई तेव्हा शिलाई मशीनशी बसलेली असायची, सुईत दोरा ओवत. मान वर न करता ती डावा हात मागे करायची, गर्दीत कुणाच्या तरी हाती पिशवी द्यावी तसा. मावशी आपली तीन बोटं त्या मनगटावर ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत गप्प व्हायची. त्या एका मिनिटात घरात भांडं पडलं तरी चालायचं, बोललेलं चालायचं नाही.

"झालं का?"

मावशी नुसती मान हलवायची.

"अगं, झालं का?"

"बोललीस. आता परत पहिल्यापासून."

"पंधरा सेकंद मोज आणि चारनं गुण. तुझ्या वर्गातल्या पोरी तेच करतात ना?"

"पाव मिनिटात पावच माणूस सापडतो, ताई."

आईला कुठलीच गोष्ट मिनिटभर धरवत नसे. ती उभ्यानं जेवायची, उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारायची. पण मनगट मात्र द्यायची, कुरकुरत का होईना. मावशी आकडा वहीत लिहायची, तारखेपुढे. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. एकदा ब्याण्णव, आणि पुढे कंसात: 'गिऱ्हाइकाशी भांडण.'

मावशी आईची धाकटी बहीण. घरात तिला 'बारकी' म्हणत. अकरा वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयात आया होती. चादरी बदलणं, भांडी उचलणं, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं. वॉर्डात आयांना सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळे माझी एकटीची मावशी दिवसभर साठ खाटांची असायची. छत्तिसाव्या वर्षी तिनं नर्सिंगच्या पदवीचा अर्ज भरला. रुग्णालयातल्या कामकरी बायकांसाठी कॉलेजात दोन जागा होत्या, त्यातली एक तिला मिळाली. वर्गात बाकीच्या सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या. त्यांनीही पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं.

पांढरा गणवेश आईनं शिवला, आतून चांगली दोन बोटं शिवण राखून. "चार वर्षं बसून अभ्यास करणार तू. सुटशील," असं म्हणाली. सुटायचं राहिलं बाजूला, मावशी वाळतच गेली.

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी होती, फिजिऑलॉजी होती, पोषण, जीवरसायन, मानसशास्त्र होतं आणि या सगळ्यांच्या मधोमध नर्सिंगचा मूळ पेपर, प्रात्यक्षिकासकट. दुपारी कॉलेजातून आली की मावशी खिडकीखाली जमिनीवर बसायची. शिवायला आलेले पडदे दोरीवर टांगलेले असायचे. त्यांतून ऊन गाळून यायचं, कधी पिवळं, कधी फिकट हिरवं, आणि त्या रंगांत ती हाडं म्हणत राहायची. मशीनच्या तालावर तिचं पाठांतर चालायचं. आईनं पाय थांबवला की हाड अर्धवट राहायचं.

"मनगटात आठ हाडं, ताई."

"आठ? एवढ्याशा मनगटात? तरीच मला घड्याळ घट्ट होतं."

सगळ्यात जास्त तिला रक्ताची वाट आवडायची. हृदयाच्या उजव्या वरच्या खोलीत शिरायचं, एका बाजूनंच उघडणाऱ्या दारातून खालच्या खोलीत उतरायचं, तिथून फुप्फुसाकडे, मग उजळ होऊन परत. डोळे मिटून ती हे पुटपुटत राही आणि मधेच कुठेतरी तिला झोप लागे. पुस्तक छातीवर, पडद्याचा हिरवा उजेड गालावर, ओठ अजून हलतायत. पाण्याखालून कुणी बोलावं तशी दिसायची.

"बारके, ऊठ. कुठे पोचली होतीस?"

"फुप्फुसापर्यंत," ती डोळे न उघडता म्हणायची. "परतच येत होते, तेवढ्यात तू हाक मारलीस."

कॉलेजला जाता-येता तिला रस्तेही तसेच दिसायला लागले होते. चौकातून फुटणारे मोठे रस्ते, त्यांच्या गल्ल्या, गल्ल्यांची बोळं, आणि शेवटी इतकी अरुंद वाट की एका वेळी एकानंच जावं. तिथे, ती सांगायची, सगळी देवाणघेवाण होते, आणि अगदी हळू होते.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत लोखंडी खाटेवर एक रबरी पुतळा होता. तोंड जरासं उघडं, एका पायाचा अंगठा तुटलेला. पोरी त्याला 'काका' म्हणत. काकांना अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, सुई टोचायची, सगळं पायरीपायरीनं, बोलून दाखवत. नाडी बघायची वेळ आली की तीन बोटं ठेवायची आणि म्हणायचं, "बहात्तर, नियमित." रबराला नाडी नसते हे सगळ्यांना ठाऊक; शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं, पुस्तकातला आकडा सांगा आणि पुढे चला. अठ्ठावीस पोरींनी परीक्षेत तेच केलं.

मावशीची पाळी आली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वही घेऊन खाटेशी उभ्या होत्या. मावशीनं बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट गेलं. मग तिनं बोटं गळ्याशी नेली. मग दुसऱ्या मनगटावर. आणि मग वॉर्डातल्या सरावाच्या खणखणीत आवाजात ती दाराकडे बघून ओरडली, "डॉक्टरांना बोलवा! नाडी लागत नाहीये!" आणि श्वासाची वाट मोकळी व्हावी म्हणून काकांच्या मानेखालची उशी ओढून काढली.

खोली हसून लोटपोट झाली. परीक्षक बाई हसल्या नाहीत.

"थट्टा करायला आलात का इथे?"

लेखी सगळे पेपर सुटले. प्रात्यक्षिकात मावशी नापास झाली.

"रबराच्या माणसासाठी डॉक्टर बोलावलास?" आईचं हसू आवरेना. मग ती थांबली, कारण मावशी हसत नव्हती.

"मला कळलंच नाही, ताई. बोटाखाली काही नव्हतं, आणि माझा हात आपोआप उशीकडे गेला." ती पडद्याच्या काठाशी चाळा करत राहिली. "वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांचं सांगितलं नाही मी तुला कधी. सकाळची घाई होती, सिस्टरांच्या हाताखाली साठ खाटा. त्यांच्या कागदावर बहात्तर लिहून त्या पुढे गेल्या. मी चादर बदलायला गेले तर हात गार. मी म्हटलं, सिस्टर, बघा ना जरा. त्या म्हणाल्या, मावशी, आत्ताच बघितलंय. आणि आयानं नाडी बघायची नसते ना. मी चादर बदलली."

आईनं मशीनवरचा पाय काढून घेतला.

सहा महिन्यांनी एक संधी होती, एकच. ती हुकली तर पटावरून नाव कमी, आणि रुग्णालयाच्या मेट्रन बाईंनी तेवढ्यापुरती राखून ठेवलेल्या आयाच्या जागेवर परत. ते सहा महिने आई तिच्या मागे लागली. भाजी चिरताना, दोरीवर कपडे टाकताना, जिन्यात.

"म्हण. बहात्तर."

"ताई..."

"एक आकडा आहे, बारके. जीभ झडणार नाहीये तुझी."

"जीभ नाही झडणार. सवय लागेल. मग जिवंत माणसालाही मी बहात्तरच सांगेन."

"पास हो आणि मग पाळ तुझे नियम! आधीच हट्ट कशाला?"

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "बरं, म्हणेन." त्या रात्री आई कधी नव्हे ते बसून जेवली.

परीक्षेला त्याच बाई आल्या. तीच खोली, तेच काका, आणि दुसऱ्या कॉलेजांतल्या नापास झालेल्या चार-पाच पोरी रांगेत. मावशीनं सगळ्या पायऱ्या बरोबर केल्या. पाणी थर्मामीटरनं बघितलं, काकांना सांगून मग कुशीवर वळवलं. मग नाडी. तिनं बोटं ठेवली. आकडा ओठांवर तयार होता, असं ती पुढे सांगायची, अगदी धुऊन-पुसून ठेवल्यासारखा. पण डोळे घड्याळाकडे गेले आणि काटा फिरू लागला. खोली लांब गेली. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा आवाज दुसऱ्या गावाहून यावा तसा येत होता. रबराखाली तिला काहीतरी लागलं, बारीक, धावतं. तिनं ते मोजलं, पूर्ण साठ सेकंद.

"एकशे चार," ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी पेन थांबवलं. "पुतळ्याची?"

"नाही मॅडम. माझी. बोटं जास्त दाबली की आपलीच लागते. यांना नाडी नाही. पुस्तकात बहात्तर दिलंय, ते मला पाठ आहे. पण मोजून आलेलं हे आहे."

मागे एक पोरगी हसली आणि गप्प झाली. बाईंनी वही खाटेवर ठेवली, बाही वर केली आणि आपलं मनगट पुढे धरलं.

"माझी बघा."

मावशीनं मनगट हातात घेतलं. मिनिट पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी. आणि..." ती अडखळली. "अधूनमधून एक ठोका गळतोय, मॅडम. तीनदा गळला."

बाईंनी मनगट सोडवून घेतलं. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "पंधरा सेकंदांत कुणाला सापडत नाही तो." मग बाही खाली ओढून त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

मावशी पास झाली. आई मात्र आठ दिवस रागावली होती. एकशे चार म्हणाली म्हणजे काय, म्हणे, आणि गेली असती संधी तर? पण सकाळी मनगट द्यायचं तिनं एक दिवसही चुकवलं नाही.

पुढे मावशी एकवीस वर्षं सिस्टर होती. तिच्या वॉर्डातल्या कागदांवर बहात्तर क्वचितच दिसायचं, आणि आयांना नाडी मोजायला शिकवते म्हणून तिला दोनदा लेखी समज मिळाली. दोन्ही कागद तिनं आईच्या नाडीच्या वहीत घालून ठेवले होते.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली, खिडकीखालीच. आईनं मशीन बाजूला सरकवलं, पडद्यांची दोरी तशीच ठेवली. रोज सकाळी आता आई तिचं मनगट हातात घ्यायची. घड्याळाकडे बघायची, बघवायचं नाही, डोळे भरायचे, आणि तिला घाई व्हायची. त्या सकाळीही तिनं कसाबसा हात धरला आणि लगेच म्हणाली, "बहात्तर. छान आहे."

मावशीनं डोळे उघडले. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या गालावर आला होता.

"मोजलंस, की ठोकून दिलंस, ताई? परत मोज. पूर्ण मिनिट. मला कुठे घाई आहे?"